उजव्या बाजूला, खाली

दुखत काहीच नव्हतं.
हे आधीच सांगून ठेवते, कारण सासूबाईंना
अजूनही वाटतं, मी काहीतरी लपवलं.

दक्षिणेकडच्या त्या बर्फावरच्या वस्तीत राहायचं तर
अपेंडिक्स इकडेच ठेवून जायचं, असा नियम होता.
तिकडे शाळा होती, टपाल होतं, लाकडी चर्चही होतं,
पोट उघडणारा डॉक्टर तेवढा नव्हता,
आणि वादळ लागलं की विमान
आठ-आठ दिवस ढगांपलीकडे अडकायचं.

म्हणून ऑगस्टातल्या एका मंगळवारी
पुंता अरेनासच्या इस्पितळात
आम्ही तिघं एकामागून एक आडवे झालो:
अलिरो, मग मी, मग आठ वर्षांचा नाहुएल.
डॉक्टर बार्रिया म्हणाले, "तिन्ही निरोगी. छान गुलाबी."
मुळ्याची जुडी दाखवावी तसे.
पाच वर्षांची मिलेंका नियमात बसत नव्हती.
आपल्याला वगळलं म्हणून दारात बसून रडली,
आणि घरी येऊन निळ्या पेनाने
स्वतःच्या पोटावर रेघ काढली,
टाक्यांसकट.

बिनकामाचं असतं ते, सगळे म्हणाले.
असेल. आतड्याला राहून गेलेलं शेपूट, करंगळीएवढं.
पण आमच्याकडे राडोमिर मामा होता,
खिडकीशी बसून सामुद्रधुनीतली जहाजं मोजायचा,
बास, एवढंच.
तो गेल्यावर कित्येक महिने
संध्याकाळ झाली की कुणालातरी विचारावंसं वाटे,
आज किती?

तिकडे जूनमध्ये मोजायला काही नव्हतं.
दुपारी तीनला अंधार, जनरेटरची घरघर,
डब्यातले पीच.
व्यायामशाळेत कपडे बदलताना दिसायचं,
प्रत्येकीच्या पोटावर तीच खूण,
एलियानाची आडवी, माझी जरा तिरपी.
काय झालं होतं, असं कुणी कुणाला विचारत नसे.
कुणालाच काही झालेलं नव्हतं.

जुलैतल्या एका रात्री नाहुएल उठून आला.
"आई, पोटात दुखतंय."
माझी बोटं आपोआप गेली
उजव्या बाजूला, खाली,
माझ्या आईची जायची तशी.
दाबलं. सोडलं.
मग आठवलं, इथे आता कुणी राहत नाही.
अलिरो झोपेतच पुटपुटला, "ते नसणार."
ते नसणार, खरंच.
पण तेवढ्याने दुखणं थांबत नाही,
फक्त त्याचं नाव जातं.
वारा पत्र्याला खांदा लावून ढकलत होता.
मी त्या बुजलेल्या टाक्यांवर हात ठेवून बसून राहिले.
पहाटे कळलं, कन्डेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा
पठ्ठ्याने चमच्याने चाटून संपवला होता.
शिवाय त्या दिवशी
आजोबांकडे ठेवून आलेल्या त्याच्या कुत्र्याचा वाढदिवस.
दोन्हींपैकी काय दुखलं, मी विचारलं नाही.

आता परत आलोय, दोन वर्षांनी.
जेवताना काही जाणवत नाही. जिना चढताना नाही.
हवा पालटली की रेघ जराशी खाजते,
मी कपड्यावरूनच खाजवते आणि कामाला लागते.
घरात आता ते एकीकडेच आहे.
चौघांत मिळून एक.
मिलेंकाला ते ठाऊक आहे, भाव खाते.
नाहुएलने धक्का दिला की
पोटावर दोन्ही हात धरून ओरडते,
"हळू! माझ्यात आहे!"

काल अलिरोने टेबलावर पाकीट ठेवलं
आणि उगाच गॅस बघायला गेला.
पुन्हा बदली, त्याच बर्फावर.
इस्पितळाच्या यादीत यावेळी एकच नाव,
वय वर्षं सात.
खणात पेन शोधलं, निळंच सापडलं.
पालकाच्या सहीची जागा:
खाली, उजव्या बाजूला.